बॅटरी कंपनीत काम, रक्तात शिसं ३८ आलंय, कंपनी म्हणते नॉर्मल. खरंच नॉर्मल आहे का?

सायली_पी:

नमस्कार सगळ्यांना. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. माझे मिस्टर एमआयडीसीतल्या एका बॅटरी कंपनीत आहेत, ठेकेदाराकडून, साडेचार वर्षं झाली. ट्रॅक्टरला आणि इन्व्हर्टरला लागतात त्या लेड ॲसिड बॅटऱ्या बनतात तिथे. आधी असेंब्लीला होते, दीड वर्षापासून पेस्टिंगला टाकलंय. कंपनी सहा महिन्यांनी रक्त घेते पण रिपोर्ट हातात कधीच देत नाही, एक यादी लावतात, नावापुढे आकडा आणि त्यापुढे ओके. ह्यावेळी ह्यांनी मोबाईलवर फोटो काढून आणला. ३८ लिहिलंय आणि पुढे ओके. एचआरच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले ४० च्या आत आहे म्हणजे नॉर्मल, टेन्शन घेऊ नका, रोज गूळ मिळतो ना तो खात जा.

मला ते पटलं नाही. सहा-सात महिने झाले ह्यांच्या पोटात कळ येते, दोन दोन दिवस पोट साफ होत नाही, रात्री गुडघे आणि मनगटं दुखतात म्हणून उठून बसतात, आणि चिडचिड एवढी वाढलीय की आधी हा माणूस असा नव्हताच. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, हिमोग्लोबिन १०.८ आलं म्हणून लोहाचं टॉनिक दिलं. कामाचं त्यांना कोणी सांगितलंच नाही, त्यांनी विचारलं नाही आणि हे बोलले नाहीत.

घरात अडीच वर्षांची मुलगी आहे. दुसऱ्या बाळाचा विचार पण चाललाय. मला एवढंच कळून घ्यायचंय की ३८ म्हणजे नक्की किती वाईट, ते कोण ठरवतं, आणि आम्ही काय केलं पाहिजे. ठेकेदाराचा माणूस आहे त्यामुळे भांडायला गेलो तर उद्यापासून येऊ नको म्हणतील ही पण भीती आहेच. कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

जुना_कास्टर:

वहिनी, मी बॅटरीतच २६ वर्षं काढली, सुरुवात ग्रिड कास्टिंगला, शेवटची आठ वर्षं ऑक्साईड प्लांटला सुपरवायझर. डॉक्टर नाही मी, आकड्यांचं कोणीतरी जाणकार सांगेल, मी कामाचं सांगतो, कारण रिपोर्टवरचा आकडा मशीनवर तयार होतो आणि तो कुठे तयार होतो ते बघितल्याशिवाय धोका समजत नाही.

असेंब्लीतून पेस्टिंगला टाकलं म्हणालात तिथेच माझे कान टवकारले. पेस्टिंग म्हणजे शिशाच्या ऑक्साईडची पावडर पाणी आणि ॲसिडमध्ये मळून जाळीत भरायची. पेस्ट ओली असते तोवर फार उडत नाही. खरा त्रास ती वाळली की. खाली सांडलेली वाळते, ट्रॉलीची चाकं तिच्यावरून जातात, पायाखाली दळली जाते आणि मग पिठासारखी हवेत तरंगते, उन्हाच्या तिरपेत उभं राहिलं की डोळ्याला दिसते. आणि जी दिसत नाही ती जास्त वाईट कारण ती थेट फुफ्फुसात खाली जाते. असेंब्लीत पण प्लेटा घासताना, रचताना धूळ असतेच, पण तिचा आणि पेस्टिंगचा हिशोब वेगळा.

आता मिस्टरांना हे विचारा. शिफ्ट सुटताना कपडे कसे झटकता? कंप्रेसरचा पाईप अंगावर मारून झटकत असाल तर आजपासून बंद. आम्ही सगळे ते करायचो, बरं वाटायचं, आणि पंधरा सेकंदात अख्ख्या शिफ्टची धूळ नाकासमोर उडवायचो. फरशी कोरडी झाडतात की ओली करून? तोंडावर काय बांधतात, रुमाल? रुमाल आणि निळा पातळ सर्जिकल मास्क शिशाला काही उपयोगाचे नाहीत. रबरी हाफ मास्क बाजूला दोन फिल्टर लावलेला पाहिजे, निदान एन९५ तरी, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही बसत नाही, कडेने हवा आत शिरते.

आणि तंबाखू खातात का? हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या कास्टिंगला माझ्यासोबत एक जण होता, माझ्यापेक्षा लांब, भट्टीपासून पंधरा फुटांवर उभा असायचा आणि त्याचा आकडा माझ्या दुप्पट यायचा. कोणाला कळेना. मग एका नवीन सेफ्टी ऑफिसरने त्याला नुसतं दिवसभर बघितलं. हा माणूस दर तासाला हातमोजा काढायचा, तळव्यावर चुना-तंबाखू घ्यायचा, अंगठ्याने मस्त मळायचा आणि ओठात ठेवायचा. तळव्यावरच्या रेघांत शिसं काळं होऊन बसलेलं असायचं, ते चुन्यासोबत रोज आठ-दहा वेळा तोंडात. तंबाखू गेटवर ठेवायला लावली, तीन-चार महिन्यांत आकडा उतरायला लागला. बिडीचंही तसंच.

हूड, म्हणजे मशीनवरचं धूळ ओढून घेणारं झाकण, चालू आहे का ते बघायची एक साधी युक्ती आहे, उदबत्ती लावून हूडखाली धरायची, धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे, इकडे तिकडे रेंगाळला तर डक्ट चोंदलाय किंवा पंखा नुसता आवाज करतोय. पण हे सुपरवायझरला सांगूनच करायचं, आणि फॉर्मेशनला, जिथे बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असतात, तिथे चुकूनही नाही, तिथे हायड्रोजन असतो, भडका उडेल.

गणेश_आर:

ताई घाबरू नका. माझ्या मामांना पण असंच झालं होतं, त्यांना एका वैद्यांनी भस्म दिलं होतं ताकदीसाठी, फरक पडला म्हणतात. ऑनलाइन डिटॉक्सच्या गोळ्या पण मिळतात हेवी मेटल काढायच्या, रिव्ह्यू चांगले आहेत. आणि गुळाने शिसं निघतं हे तर सगळ्या फॅक्टरीत माहीत आहे, उगीच देत नाहीत कंपन्या.

डॉ_कामगारआरोग्य:

सायली, मी औद्योगिक आरोग्यातली डॉक्टर आहे, बरीच वर्षं कारखान्यांमध्येच काम केलंय. जरा सविस्तर लिहिते कारण तुझा प्रश्न बरोबर जागी आहे, ३८ किती वाईट आणि ते कोण ठरवतं.

आधी ४० कुठून आलं ते. अमेरिकेत १९७८ साली शिशाच्या कामाचा नियम झाला. त्यात असं होतं की कामगाराच्या रक्तात डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅम शिसं सापडलं, किंवा सरासरी ५० च्या वर राहिली, तर त्याला पगार न कापता शिशाच्या कामावरून बाजूला काढायचं आणि ४० च्या खाली आल्यावर परत कामावर घ्यायचं. म्हणजे ४० हा परत कामावर घ्यायचा आकडा होता, आणि तोही पंचेचाळीसहून जास्त वर्षांपूर्वीचा. तोच पुढे जगभर कारखान्यांत फिरत राहिला आणि फिरता फिरता त्याचा अर्थ नॉर्मल असा होऊन बसला. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून स्वतःचा नियम बदलला, तिथे आता ३० ला कामावरून काढतात आणि १५ च्या खाली आल्याशिवाय परत घेत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगतेय की ५ किंवा जास्त असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. अमेरिकेत मोठ्या माणसालाही साडेतीनपासून वाढलेलं धरतात. आता ह्या सगळ्यांसमोर ३८ ठेवून बघ. ओके लिहिणाऱ्याने कुठल्या पट्टीने मोजलं ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरं, एकटा आकडा फार कमी सांगतो. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात अर्धं होतं, म्हणजे ३८ मधून मुख्यतः गेल्या काही आठवड्यांत किती शिसं अंगात गेलं ते कळतं. पण शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत जाऊन बसतं, ते तिथे वर्षानुवर्षं राहतं आणि हळूहळू रक्तात परत येत राहतं. म्हणून मला आकड्यांची रांग पाहिजे. जुने फोटो, जुन्या याद्या, कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर असतील, शोधा. चार वर्षं ३८-३८ असलेला माणूस आणि १५ वरून दीड वर्षात ३८ वर गेलेला माणूस, दोघांचा शेवटचा रिपोर्ट सारखा दिसतो पण दोघांसाठी करायची गोष्ट वेगळी असते.

तिसरं, त्रास. पोटात कळ, बद्धकोष्ठ, सांधे, चिडचिड, कमी हिमोग्लोबिन, हे सगळं शिशात बसतं. दुसऱ्याही आजारात बसतं, म्हणून मी इथे बसून निदान करणार नाही, पण तपासल्याशिवाय गॅस म्हणून सोडून देऊ नका. कुठल्याही एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा आणि खुर्चीवर बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे बोला की हे साडेचार वर्षं शिशाचं काम करतात. रक्तातलं शिसं बाहेरच्या लॅबमधून परत करा. सोबत सीबीसी, स्मिअर, फेरिटिन (अंगात लोह किती साठलंय ते), क्रिॲटिनिन, युरिक ॲसिड, लघवी आणि बीपी. बीपी लोक विसरतात, शिशाने ते वाढतं आणि वर्षांनी किडनीवर जातं, दुखत काहीच नाही. झिंक प्रोटोपॉर्फिरिन करता आलं तर उत्तम, ते मागच्या तीनेक महिन्यांचा परिणाम दाखवतं, फक्त लोह कमी असेल तरी ते वाढतं त्यामुळे फेरिटिनशिवाय वाचता येत नाही.

चौथं तुझ्यासाठी. बाळाचा विचार आहे म्हणालीस तर तुझीही टेस्ट कर. शिसं नाळेतून बाळाकडे जातं, आणि आईच्या हाडात साठलेलं असेल तर गरोदरपणात ते बाहेर निघतं. मिस्टरांच्या ३८-४० च्या आसपासच्या आकड्याला वीर्यावरही परिणाम दिसतो. माझं मत स्पष्ट सांगते, त्यांचा आकडा खाली येईपर्यंत थोडे महिने थांबा. आणि मुलीची टेस्ट ह्याच आठवड्यात, सगळ्यात आधी तिची. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं दहा टक्क्यांच्या आसपास अंगाला लागतं, लहान मुलांचं निम्म्यापर्यंत लागू शकतं, आणि ते मेंदूवर जातं.

डॉ_कामगारआरोग्य:

गणेश, तुम्ही मदतीच्या भावनेने लिहिलंत ते कळतंय, पण हे वाचून कोणी ऐकलं तर नुकसान होईल म्हणून लगेच उत्तर देते. आयुर्वेदात नागभस्म म्हणून आहे, त्यातला नाग म्हणजे शिसं. भस्मं खाऊन रक्तातलं शिसं खूप वाढलेले पेशंट मी स्वतः बघितलेत आणि वैद्यकीय जर्नलमध्येही भरपूर नोंदले गेलेत. ज्याच्या रक्तात आधीच शिसं आहे त्याने भस्म, रसौषधी काहीही घ्यायचं नाही. घरातला शेंदूरही लक्षात ठेवा, पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साईड, मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

डिटॉक्सच्या गोळ्या नकोत. शिसं ओढून काढणारी औषधं खरी आहेत, त्याला कीलेशन म्हणतात, पण ती हॉस्पिटलची औषधं आहेत, बरेच मोठे आकडे किंवा गंभीर लक्षणं असतील तेव्हा डॉक्टर देतात, त्यातून जस्त, तांबंही निघून जातं. आणि काम चालू ठेवून ती घेणं तर धोक्याचंच आहे. अमेरिकेच्या त्याच १९७८ च्या नियमात लिहिलंय की आकडा खाली ठेवण्यासाठी कामगारांना अशी औषधं द्यायला मनाई आहे.

गूळ. गुळाने शिसं निघतं ह्याला आधार नाही. पोटात लोह, कॅल्शियम पुरेसं असेल तर शिसं कमी शोषलं जातं एवढं खरं आहे, म्हणून उपाशीपोटी कामावर जायचं नाही, दूध, नाचणी, पालेभाजी, कडधान्यं खायची. पण तीच गुळाची ढेप पेस्टिंगच्या खोलीत उघडी ठेवून काळ्या हातांनी तोडून खात असतील तर त्या गुळाबरोबर शिसंच पोटात जातंय.

नाशिककर_प्लेटर:

मधेच विचारतो, माफ करा. मी क्रोम प्लेटिंगला आहे, छोटं वर्कशॉप, चार टाक्या. शिशाबद्दल वाचून आता वाटतंय आमचं काय. नाकातून वर्षभर खपल्या येतात, अधूनमधून थोडं रक्त, दुखत नाही त्यामुळे कधी दाखवलं नाही. बोटावर दोन छोटे खड्डे पडलेत ते भरतच नाहीत. आमच्याकडे रक्त-बिक्त कोणीच तपासत नाही.

डॉ_कामगारआरोग्य:

दादा, दुखत नाही म्हणून थांबू नका, उद्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि क्रोमिक ॲसिडच्या टाकीवर काम करतो असं सांगा. त्या ॲसिडमधल्या हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या तुषारांनी नाकाच्या दोन पुड्यांमधला पडदा कुरतडत जातो आणि शेवटी भोक पडतं, हे सगळं न दुखता होतं. बोटावरचे खड्डे त्याच ॲसिडचे आहेत. हे शिशासारखं नाही, त्याची मोजायची रीत वेगळी आहे, लघवीतलं क्रोमियम बघतात आणि नमुना आठवड्याच्या शेवटच्या दिवशी शिफ्ट संपताना द्यावा लागतो, सुट्टीनंतर सोमवारी सकाळी दिलात तर आकडा खोटा छान येईल. हा धातू माणसात कॅन्सर करतो हे पक्कं ठरलेलं आहे, फुफ्फुसाचा, म्हणून छातीचंही दाखवून ठेवा. सिगारेट असेल तर सोडा. टाकीच्या काठाला सक्शन आहे का, पाण्यावर तुषार दाबणारं केमिकल किंवा प्लॅस्टिकचे गोळे सोडतात का?

नाशिककर_प्लेटर:

गोळे होते, संपले तसे परत आणलेच नाहीत. सक्शन आहे पण लाईट बिल येतं म्हणून फक्त इन्स्पेक्शनला लावतात. उद्या दाखवतो डॉक्टर. थँक्यू.

सायली_पी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून ह्यांना समोर बसवून एकेक विचारलं. कंप्रेसरने झटकतात, हो. फरशी कोरडीच झाडतात, शिफ्ट संपायच्या आधी पंधरा मिनिटं सगळे मिळून झाडू मारतात. मास्क रुमाल. तंबाखू, हो, दिवसाला पुडी. तळवा बघितला तर काकांनी लिहिलंय तशाच काळ्या रेघा, मी इतकी वर्षं ग्रीस समजत होते.

जुने आकडे एका मित्राच्या फोनमध्ये सापडले. असेंब्लीत असताना १६, मग १८. पेस्टिंगला गेल्यावर सहा महिन्यांनी २७, मग ३३, आता ३८. प्रत्येकापुढे ओके.

अजून एक गोष्ट, लिहिताना हात थरथरतोय. हे घरी आले की गाडीवरून उतरायच्या आधीच आमची मुलगी तन्वी पळत जाते, तिला टाकीवर पुढे बसवून गल्लीत एक चक्कर मारल्याशिवाय ती आत येऊ देत नाही. रोज. त्याच युनिफॉर्ममध्ये. ती त्यांच्या छातीला पाठ लावून बसते आणि अंगठा चोखत असते. काल तिचं आणि आमच्या दोघांचं रक्त देऊन आलोय.

जुना_कास्टर:

वहिनी, स्वतःला दोष देऊ नका आणि त्यांनाही देऊ नका. आमच्या वेळी आमची पोरंही असंच करायची, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आता एवढं करा. युनिफॉर्म खरं तर कंपनीने धुवून द्यायचा, शिशाच्या कामात आंघोळ आणि कपडे बदलायची जागा देणं कंपनीचं काम आहे. ते होईपर्यंत कपडे कंपनीतच बदलायचे, अंघोळ तिथेच, डोक्यावरून. युनिफॉर्म पिशवीत बांधून आणायचा, झटकायचा नाही, थेट बादलीत बुडवायचा, पोरीच्या कपड्यांत मिसळायचा नाही, ब्रश मारायचा नाही. बूट दाराबाहेर. गाडीची सीट, टाकी, हँडल ओल्या फडक्याने पुसा, डब्याची पिशवी आणि मोबाईलचं कव्हर पण, त्यावर सगळ्यात जास्त असतं. घरात काही दिवस झाडू नको, ओलं पुसा.

सायली_पी:

रिपोर्ट आले. तन्वीचं ११. माझं ४.२. ह्यांचं ४१२ आलंय!!! बाहेरच्या लॅबने ४१२ लिहिलंय, काय करू, ॲडमिट करायचं का? रडून रडून डोकं दुखतंय, प्लीज कोणीतरी लवकर सांगा.

डॉ_कामगारआरोग्य:

थांब, श्वास घे. आकड्यापुढे एकक काय लिहिलंय ते नीट वाच. प्रति लिटर असेल तर दहाने भागायचं.

सायली_पी:

हो, मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे ह्यांच्या रिपोर्टवर. आमच्या दोघींचं दुसऱ्या लॅबला दिलं होतं, तिथे डेसिलिटर लिहिलंय.

डॉ_कामगारआरोग्य:

मग त्यांचं ४१.२ आहे. कंपनीच्या ३८ शी जुळतं, थोडं वरच आहे, म्हणजे अजून वाढतंय. आणि त्यांच्याच पट्टीने आता ४० च्या वर गेलं. हा कागद जपून ठेव, दोन झेरॉक्स काढ.

तन्वीचं ११ कमी नाही, तिच्यासाठी साडेतीनच्या वर आम्ही लक्ष घालतो. पण ह्या आकड्याला मुलांना औषध देत नाहीत, ते ४५ पासून पुढे विचारात घेतात. तिच्या बाबतीत खरा उपाय तोच, शिसं यायचा रस्ता बंद करणं. बालरोगतज्ज्ञांना दाखव, लोह तपास, कमी असेल तर भरून काढा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत टेस्ट. रस्ता बंद झाला असेल तर तो आकडा खाली येताना दिसेल. तिचं शिसं वडिलांसारखं साडेचार वर्षांचं नाही.

आता नोकरीचं. मला भीती कळते, म्हणून क्रम सांगते. आधी एमडी डॉक्टरांकडून लेखी घ्या, की शिशाचा संपर्क आहे, लक्षणं आहेत, शिशाच्या कामापासून तात्पुरतं लांब ठेवावं. ते पत्र घेऊन मागायचं एकच, पॅकिंग, डिस्पॅच, स्टोअर अशा ठिकाणी बदली. नोकरी सोडायची भाषा तुम्ही काढू नका. आपल्या कायद्यात शिशाची विषबाधा हा नोटिफाएबल रोग आहे, म्हणजे डॉक्टरला आणि कारखान्याला तो सरकारला कळवावा लागतो. कारखाने कायद्यात होतं आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा-आरोग्याच्या नव्या ओएसएच संहितेतही आहे. हे काम बघणारं ऑफिस म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, लोक डिश म्हणतात. ईएसआयचा नंबर असेल तर ठेकेदाराचा कामगार असला तरी ईएसआय हॉस्पिटलला हक्काने जा, कामामुळे झालेला आजार म्हणून तिथे नोंद करून घ्या, पुढे भरपाईला तीच नोंद उपयोगी पडते.

हवेचंही विचारा. पेस्टिंगमध्ये हवेतलं शिसं शेवटचं कधी मोजलं आणि किती आलं. आपल्याकडे कारखाने कायद्यातली मर्यादा आठ तासांना घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम होती, अमेरिकेत १९७८ पासून ०.०५ आहे. म्हणजे आपल्या मर्यादेत हवा असली तरी माणसाचं रक्त वाढत राहू शकतं, आणि एकाचं वाढलंय तर शेजारी उभ्या असलेल्या बाकीच्यांचंही बघितलं पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात बॅटरी कामगार, चांदीचे कारागीर, स्प्रे पेंटर ह्यांच्यावर झालेल्या अभ्यासांत रक्तातलं शिसं इतरांपेक्षा बरंच जास्त सापडलंय, हे एका कंपनीपुरतं नाही.

सायली_पी:

अडीच महिन्यांनी लिहितेय, काहींनी मेसेज करून विचारलं म्हणून. डॉक्टरांनी पत्र दिलं. आधी ठेकेदार म्हणाला पेस्टिंगला माणूस नाही, बदली होणार नाही. मग पेस्टिंगच्या नऊ जणांनी मिळून आपापले जुने आकडे एका कागदावर लिहून काढले, सगळ्यांचे वरवर चाललेले, आणि तो कागद सेफ्टी ऑफिसरला नेऊन दिला. चौथ्या दिवशी ह्यांना आणि अजून दोघांना डिस्पॅचला घेतलं. फिल्टरवाले मास्क आले. कंप्रेसरचा पाईप काढला. डक्टचं अजून काही नाही, पार्ट मागवलाय म्हणतात.

ह्यांचं आता ३१. डॉक्टर म्हणाले साडेचार वर्षांचं आहे, हाडातून येत राहणार, झपाट्याने उतरायची अपेक्षा ठेवू नका. पोट खूप बरं आहे. तंबाखू पूर्ण सुटली नाही, पण गेटच्या आत नेत नाहीत. तन्वीचं ११ वरून ७. चक्कर अजून मारतात, फक्त अंघोळ करून, घरचा शर्ट घालून, ती दारात पंधरा मिनिटं ओरडत बसते तोवर. बाळाचं आम्ही पुढच्या वर्षावर ढकललंय.

विकास_इचलकरंजी:

ताई हे सगळं आत्ता एका दमात वाचलं. माझा लहान भाऊ भंगार बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात तिथे आहे, पत्र्याची शेड, मागे भट्टी. त्याची आयुष्यात एकदाही टेस्ट झालेली नाही. शनिवारी घेऊन जातोय. लॅबमध्ये नक्की काय सांगायचं, आमच्या इथली लॅब म्हणते अशी टेस्ट माहीत नाही.

डॉ_कामगारआरोग्य:

विकास, ब्लड लेड म्हणून सांगा, आणि नमुना बाहेर पाठवतात अशा मोठ्या लॅबचं कलेक्शन सेंटर बघा, तिथून मुख्य लॅबला जातो. गडद निळ्या बुचाची नळी असते खास धातूंच्या टेस्टसाठी, ती नसेल तर जांभळ्या बुचाची चालते का ते त्यांनाच आधी फोनवर विचारा. रक्त शिरेतूनच घ्यायला सांगा, बोट टोचून नको, कारण त्याच्या बोटावरच शिसं असणार आणि तेच नमुन्यात जाईल. जायच्या आधी दंड, कोपर, हात साबणाने नीट धुवायला लावा आणि कामाचे कपडे घालून नेऊ नका. त्याचा आकडा आला की एककासकट इथे लिहा. आणि त्याला डोकं फार दुखणं, उलट्या, हात मनगटातून खाली लुळा पडणं, असं काही होत असेल तर शनिवारची वाट बघू नका, आजच मोठ्या सरकारी हॉस्पिटलला न्या.

विकास_इचलकरंजी:

उजव्या हाताने कप नीट उचलता येत नाही म्हणतोय पंधरा दिवस झाले. आत्ता निघतो.